दोनशे पन्नासावं कोष्टक

बसा, बसा मंडळी. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या. पहिल्या रांगेत चार खुर्च्या मान्यवरांसाठी ठेवल्यात आणि मान्यवर आलेले नाहीत. सरांना हे आवडलं असतं. रिकाम्या जागा मोजायला त्यांना फार आवडायचं.

बोलण्याआधी मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. या माइकचा दांडा वर होत नाही. माझ्याआधी एक बाई बोलल्या, त्यांच्या उंचीला तो लावला आणि तो तिथेच रुसून बसला. आपल्या संयोजकांनी तो दोनदा पिळून बघितला. दुसऱ्या वेळी तो माझा मान राखायला एक इंच वर आला आणि तुम्हा सगळ्यांच्या देखत सावकाश पुन्हा खाली बसला. पंचवीस वर्षं मी या गावात सदर लिहितोय आणि कुणापुढे वाकलो नाही, अशी निदान माझी समजूत आहे. आज एका लोखंडी दांड्याने मला वाकवलं. याची नोंद इतिवृत्तात व्हावी.

हसलात. बरं वाटलं. मी दांड्याबद्दल का बोलतोय, ते तुम्हाला कळलं असेल. दांड्याबद्दल बोलणं सोपं आहे. अनंत मयेकर सरांबद्दल बोलायचं म्हटलं की अवघड होतं. आणि ते नुसत्या दुःखाने होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मी परशुराम. तुमच्यातले बरेच जण मला साप्ताहिकातल्या सदरामुळे ओळखतात आणि उरलेले त्याच कारणाने ओळख दाखवत नाहीत. मी सरांचा विद्यार्थी. अकरावी-बारावीला त्यांनी मला गणित शिकवलं. म्हणजे त्यांनी शिकवलं. मी शिकलो, असं म्हणणं जरा जास्त होईल.

सर मूळचे पूर्णगडचे. वडिलांची होडी होती, मासेमारी होती. सर शिकले, आधी अलोऱ्याला कॉलनीतल्या शाळेत लागले, मग इथे रत्नागिरीत कॉलेजला आले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. तुमच्यातल्या कित्येकांना त्यांनी पास केलं. काहींना नापास केलं, आणि मघापासून बघतोय, रडताहेत ते जास्त करून नापास झालेलेच. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी, चहाचा कप हातात असताना, ते गेले. कप फुटला नाही. काकूंनी तो हातातून काढून घेतला तेव्हा त्यात अर्धा चहा होता.

आता सर काय करायचे, हे सांगतो. शिकवायचे, ते सगळ्यांना माहीत आहे. पण घरी परत आल्यावर, अलोऱ्यापासून ते डोळे जाईपर्यंत, ते दुसरंच एक काम करायचे. त्या शाखेला वैश्विक बीजगणित म्हणतात. नाव एवढं मोठं, की माणसाने हातात ग्रहतारे धरले असतील असं वाटावं. सरांनी हातात धरली होती तीन अक्षरं. अ, ब, क. बस.

नीट ऐका. अवघड नाही. मला कळलंय म्हणजे नाहीच.

तीन जण आहेत. अ, ब आणि क. कुणीही दोघं भेटले की एक उत्तर येतं, आणि ते उत्तरही या तिघांपैकीच कुणीतरी असतं. अ आणि ब भेटले, उत्तर क. ब आणि क भेटले, उत्तर पुन्हा क. कोण आधी आला, यानेही फरक पडू शकतो. आणि माणूस स्वतःला भेटला तरी उत्तर हवंच. असे एकूण नऊ प्रसंग. तीन आडव्या ओळी, तीन उभ्या, नऊ घरं. प्रत्येक घरात तिघांपैकी एक अक्षर. झालं कोष्टक. अशी कोष्टकं किती होतील? एकोणीस हजार सहाशे त्र्याऐंशी.

पण थांबा, इथेच खरी गंमत आहे. त्यातली पुष्कळशी कोष्टकं एकच असतात. फक्त नावं बदललेली. अ-ला ब म्हणा, ब-ला क म्हणा, क-ला अ म्हणा, आणि जुनंच कोष्टक नवे कपडे घालून समोर येतं. अशी सगळी सोंगं एकदाच मोजायची. मग उरतात तीन हजार तीनशे तीस. खरी वेगळी. ती सगळी शोधायची, एकेक लिहायची आणि त्यांची जातवारी लावायची. हे सरांचं काम.

मी त्यांना विचारलं होतं, "सर, नाव बदललंय की माणूसच वेगळा आहे, हे ओळखायचं कसं?"

तेव्हा त्यांनी मला होडीची गोष्ट सांगितली. सर आठवीत असताना वडिलांनी होडी विकली. दोनेक वर्षांनी सर रत्नागिरीच्या बंदरात उभे होते, समोर एक हिरवी होडी लागली. त्यांची निळी होती. हिच्यावर नावही भलतंच रंगवलेलं. सर मालकाला म्हणाले, "ही आमची होडी." मालक म्हणाला, "नाव वाच की रे, शाळेत जातोस ना?" सर म्हणाले, "वाचलं. पण तुमच्या पुढच्या टोकाकडची तिसरी फळी आखूड आहे आणि तिला दोन खिळे जास्त आहेत. ते माझ्या बापाने मारलेत." मालक म्हणाला, "चढ वर. बसून घे जरा."

"तर परशा," सर मला म्हणाले, "नाव वाचायचं नाही. कुठली फळी कुठल्या फळीला कशी जोडलेय, ते बघायचं."

मंडळी, एवढं सुंदर काही मला कुणी सांगितलं असेल, तर मी त्याचं काय करावं? मी त्यावर विनोदी सदर लिहिलं. लिहिलं की गावात एक प्राध्यापक आहेत, जे गेली कित्येक वर्षं तीन अक्षरं मोजताहेत आणि अजून संपलेली नाहीत. लिहिलं की हेच काम संगणक पापणी लवायच्या आत करतो. लोक खूप हसले. चहाच्या टपरीवर लोकांनी सरांना विचारलं, "काय सर, आज कितवं अक्षर?"

चार दिवसांनी माझ्या घरी एक पाकीट आलं. आत माझ्याच सदराचं कात्रण. मी एकोणीस हजार सहाशे अडतीस लिहिलं होतं. सरांनी लाल पेन्सिलीने ते त्र्याऐंशी केलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "विनोद ठीक. आकडा चुकला."

मी ओशाळून भेटायला गेलो. संगणकाचं काढलं. सर म्हणाले, "होय रे, करतो तो. पण पापणी लवते तेवढ्यात बघितलेलं आपल्या लक्षात राहत नाही." मी म्हटलं, "सर, पण किती आहेत ते सूत्राने आधीच कळतं, तर लिहीत का बसायचं?" ते म्हणाले, "सूत्र सांगतं पंगतीला पानं किती उठली. कोण कोण जेवून गेलं, ते सांगत नाही. मला माणसं बघायचीत."

तर त्यांनी ती माणसं सात वह्यांत बसवली होती. सातच का? तर कोष्टकातला प्रत्येक जण स्वतःला भेटला की काय होतं, यावरून सात प्रकार पडतात. सर म्हणायचे, "आरशापुढे उभा केला की कुणाचाही प्रकार कळतो. तुझाही." चौथ्या वहीतले तिघं गोल फिरणारे. अ स्वतःला भेटला की उत्तर ब. ब स्वतःला भेटला की क. क स्वतःला भेटला की अ. कुणालाच स्वतःत स्वतः सापडत नाही. ही चौथी वही लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यातच घडलं.

दोन वर्षांपूर्वी सरांनी मला बोलावलं. काचबिंदूने एक डोळा गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. टेबलावर सात वह्या. म्हणाले, "परशा, संपलं. बेरीज केली. तीन हजार तीनशे एकतीस."

मी म्हटलं, "सर, तीस ना?"

"तीसच हवीत. एक जास्त आहे. सूत्राने प्रत्येक वही तपासली. सहा वह्या बरोबर आहेत. चौथीत दोनशे एकोणपन्नास हवीत, दोनशे पन्नास आहेत. त्यात कुणीतरी दोनदा आलंय. जुळं आहे, दुसऱ्या नावाने लपलंय. आणि मला आता ओळी एकमेकींत मिसळलेल्या दिसतात."

मग त्यांनी चौथी वही माझ्याकडे सरकवली. बरोबर लाल-निळी पेन्सिल. म्हणाले, "प्रत्येक कोष्टक घ्यायचं, नावं एक घर पुढे फिरवायची, मग अजून एक घर. फिरवून जे येईल ते वहीत दुसरीकडे कुठे आहे का, बघायचं. सापडलं की त्यातलं एक खोड. फार वेळ लागणार नाही. आणि ती पेन्सिल परत आण हां. तशी आता मिळत नाही." शेवटच्या नऊ कोष्टकांबद्दलही ते काहीतरी म्हणाले. मी तेव्हा मोबाइलवर एक मेसेज बघत होतो. ऐकलं नाही.

मला वाटलं, मला मान दिला. तसा दिलाच होता. आयुष्यभराचं काम एका नापास होता होता वाचलेल्या माणसाच्या हातात दिलं होतं. शेवटची रेघ ओढायला.

ती वही आमच्या घरी फ्रिजवर राहिली. गॅसच्या पुस्तकाखाली. दहा महिने. त्या दहा महिन्यांत मी सरकारी दिरंगाईवर दोन सदरं लिहिली, दोन्ही गाजली. सर शनिवारी फोन करायचे. "काय रे मेल्या, जुळं सापडलं का?" मी म्हणायचो, "बघतोय सर, निम्मं झालं." सुरुवातच केली नव्हती, तर निम्मं कुठून होणार? पुढच्या शनिवारी पुन्हा निम्मं. शेवटी एका शनिवारी त्यांनी फोन केला, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, काकूंनी पाठवलेली आमसुलं मिळाली का विचारलं, आणि वहीबद्दल अवाक्षर न काढता फोन ठेवला. ते मला फार लागलं. एवढं लागल्यावर माणूस काय करतो? चांगला माणूस वही उघडतो. मीही उघडली.

उघडली, आणि शेवटचं पान काढलं. एक कमी करायचं होतं ना? दोनशे पन्नासाव्या कोष्टकावर सरळ फुली मारली. उरली दोनशे एकोणपन्नास. एकूण तीन हजार तीनशे तीस. बेरीज बरोबर! आपल्याकडे याद्या अशाच तर दुरुस्त होतात. वर आकडा जमला की खाली कोण जगलं आणि कोण मेलं, हे कोण बघतो? हे वाक्य मी स्वतः एका सदरात लिहिलं होतं. दुसऱ्यांबद्दल.

वही घेऊन गेलो. दुपारची वेळ. सर पडवीत खुर्चीवर, डोळे मिटून. काकू खाली बसून कोकमं फोडत होत्या.

मी म्हटलं, "सर, सापडलं."

ते एकदम सरळ बसले. तो चेहरा मी विसरू शकत नाही. आंधळा होत चाललेला माणूस, पण चेहऱ्यावर दिवा लावल्यासारखा उजेड. म्हणाले, "कुठलं खोडलंस?"

"दोनशे पन्नासावं."

"जुळं कुणाचं?"

तोंडाला येईल तो आकडा दिला. "एकशे बाराचं."

सरांचं बोट खुर्चीच्या हातावर हललं. एक, दोन, तीन. खाली पुन्हा तीन. पुन्हा तीन. नऊ घरं. मग बोट थांबलं.

"बरं," ते म्हणाले. "बस. गो, याला चहा दे."

मला वाटलं, सुटलो. चहा घेतला. दोन बिस्किटंही खाल्ली, तेही सांगितलं पाहिजे. पेन्सिल परत करायची राहिली, खिशातच होती. ती मी पुढे सव्वा वर्ष माझ्या सदराची मुद्रितं तपासायला वापरली. दुसऱ्यांच्या चुका काढायला चांगली चालते.

सर गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरी गेलो होतो. काकू आतून चौथी वही घेऊन आल्या. म्हणाल्या, "परशा, ही तुला द्यायला सांगितली होती. म्हणाले, त्याचं काम राहिलंय."

मी वही उघडली. शेवटचं पान. माझी फुली होती तशीच. तिच्याभोवती, बॉलपेनने, वेडंवाकडं एक वर्तुळ. आणि त्याखाली दोन शब्द, एवढे मोठे की शेजारच्या कोष्टकावरून चढून गेलेले. ज्याला आपण लिहिलेलं दिसत नाही, त्याचं अक्षर असं होतं.

"राहू दे."

मला वाटलं, मला उद्देशून लिहिलंय. मग ते कोष्टक पहिल्यांदा नीट वाचलं. तिघं गोल फिरणारे. त्यांपैकी दोन वेगळे भेटले, तर उत्तर नेहमी तिसरा. अ-ब भेटले की क. ब-क भेटले की अ. क-अ भेटले की ब. नावं एक घर फिरवून बघितली. जसंच्या तसं. पुन्हा फिरवली. जसंच्या तसं. कशीही फिरवा, ते स्वतःच राहतं. तेव्हा मला आठवलं, त्या दिवशी सर काय म्हणत होते आणि मी मेसेज बघत होतो. ते म्हणत होते, "शेवटची नऊ बघू नकोस. ती एकटी आहेत. त्यांना जुळं असूच शकत नाही."

दोनशे पन्नासांतली दोनशे एकेचाळीस अशी, की ज्यांना निदान सोंग तरी घेता येतं. नऊ अशी, की ज्यांना दुसरं नावच लागत नाही. आणि मी फुली मारली ती नेमकी त्यांतल्या एकावर. माझ्या तोंडून आकडा बाहेर पडला त्या क्षणी सरांना कळलं होतं. पडवीत. माझ्या चहाच्या आधी.

मी काकूंना विचारलं, "मग ते मला बोलले का नाहीत?"

काकू म्हणाल्या, "मी म्हटलं ना त्यांना! अहो, खोटं बोलला तर बोलवा त्याला, चांगलं तासा. तर म्हणाले, बोलावलं तर पुन्हा खोटंच बोलेल. लाज वाटली की आपणहून बघेल."

लाज वाटली, मंडळी. वाटायला सव्वा वर्ष लागलं, आणि एक मरण.

त्या सव्वा वर्षात काय झालं, तेही काकूंनीच सांगितलं. आधी सर भिंग घेऊन बसायचे. एक कोष्टक वाचायला अख्खी सकाळ जायची, आणि दुसरं वाचेपर्यंत पहिलं डोक्यातून निसटायचं. मग काकू म्हणाल्या, मी वाचते. चौथी शिकलेली बाई. रोज दुपारी, जेवणं झाली की, त्या वही उघडायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. "ब, क, क. अ, क, ब. अ, अ, अ." सर डोळे मिटून नावं फिरवायचे आणि सांगायचे, आता हे असं कुठे दिसतं का बघ. मग काकू पुढची सगळी पानं एकेक ओळ बोटाने शोधायच्या. कधी एका कोष्टकाला दोन दुपारी लागायच्या, कधी आठवडा. मध्ये आजारपणं, पाहुणे, गणपती. काकू मला म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय रे? पण लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच."

त्या दोघांचं एकेचाळिसाव्यापर्यंत आलं होतं. बेचाळिसाव्या कोष्टकाशी वहीत एक देवाचा अंगारा घातलेली चिठ्ठी आहे. खूण म्हणून.

मी ती वही घरी आणली. फ्रिजवर ठेवली नाही. जेवणाच्या टेबलावर बसलो. कोष्टक घ्यायचं, नावं फिरवायची, शोधायचं. मंडळी, तुम्हाला वाटेल फार अवघड असेल. पाच दुपारी लागल्या. फक्त पाच. पाचव्या दुपारी चहाच्या आधी जुळं सापडलं. त्रेसष्टावं आणि एकशे अठरावं. एक घर फिरवलं की दोन्ही तंतोतंत एक.

काकू वाचत वाचत एकेचाळिसापर्यंत पोचल्या होत्या. त्रेसष्ट आलं असतं की सरांनी नावं फिरवली असती, काकूंचं बोट एकशे अठरावर थांबलं असतं आणि त्या म्हणाल्या असत्या, "अहो, हे बघा." ते दोघं तिथून बावीस कोष्टकं लांब होते. मी दहा महिने ती वही अडवून ठेवली नसती, किंवा त्या दुपारी पडवीत खरं बोललो असतो की सर, उघडलीच नाही, द्या, आता इथेच बसतो, तर पाच दुपारी लागल्या असत्या. पाच.

आणि त्रेसष्टावं एकशे अठराव्या जागी पुन्हा का आलं, तेही सापडलं. सर समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहायचे. एखाद्या कोष्टकाशी, मुलगी लहान असताना, "गौरीचा दात पडला". एखाद्याशी "बाजारात बांगडा नाही". एकशे अठराच्या समासात लिहिलंय, "पूर्णगडहून आलो. आई." बस, एवढंच. आईचे दिवस करून ते परत आले, वही उघडली, आणि जे आधी लिहून झालं होतं तेच नव्या नावांनी पुन्हा लिहिलं. हिरवी रंगवलेली होडी ज्यांनी फळीवरून ओळखली, त्यांना त्या दिवशी आपलं स्वतःचं कोष्टक ओळखता आलं नाही. सगळ्या आयुष्यात चुकले ते एवढंच. एका दिवशी. आणि त्या दिवसाला कारण होतं. माझ्या दहा महिन्यांना काय कारण होतं? मला सांगा. कुणाला सुचत असेल तर.

हे सगळं इथे बोलावं की नाही, म्हणून मी गौरीला विचारलं. ही सरांची मुलगी, समोर बसली आहे. म्हटलं, गौरी, तुझ्या बाबांच्या शोकसभेत मी माझी रडगाणी का गावी? मी चार चांगलं बोलतो आणि खाली बसतो. हे नंतर तुला आणि काकूंना घरी सांगतो.

गौरी म्हणाली, "परशूदादा, आईला माहीतच आहे. मलाही माहीत आहे. ज्या गावाला हसवलंत, त्याला सांगा ना."

म्हणून सांगितलं. गौरी, सांगून झालं. तू अजून माझ्याकडे बघत नाहीयेस. बघू नकोस. घाई नाही.

इथे सकाळपासून सगळे बोलले की सर मोठे होते, सर साधे होते, सर देवमाणूस होते. मला त्यात भर घालायची नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्यासारख्या माणसाला त्यांनी खोडलं नाही. वर्तुळ काढलं आणि राहू दिलं. हे क्षमेपेक्षा वाईट असतं मंडळी. क्षमा मिळाली की माणूस घरी जातो. राहू दिलेल्या माणसाला राहावं लागतं.

आता संपवतो. संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि माझी कंबर या दांड्याने मोडली आहे.

ही चौथी वही. माझ्या फुलीवर मी खोडरबर चालवलाय, पण खूण जात नाही, ती तशीच राहील. दोनशे पन्नासावं कोष्टक आता पुन्हा जिवंत आहे. एकशे अठरावं अजून खोडलेलं नाही. मुद्दाम ठेवलं. ते घरी खोडायचं नव्हतं. तेही काम मी एकटाच करून आलो असतो, तर तुम्ही माझ्यावर का विश्वास ठेवावा? आणि ही त्यांची पेन्सिल. झिजली आहे. माझ्या हातून झिजली. तरी लाल टोक शिल्लक आहे.

काकू, तुम्ही बसूनच राहा, तुमचे गुडघे. बाकीच्यांनी कृपा करून उभं राहावं. दोन मिनिटं कुणी काही बोलू नये, मोबाइल खिशात राहू द्यावेत. तेवढ्या वेळात मी सरांच्या फोटोसमोर ही वही उघडून एक रेघ ओढणार आहे, वही काकूंच्या मांडीवर देणार आहे आणि पेन्सिल टेबलावर ठेवणार आहे. त्यांनी परत मागितली होती.

माइक बंद करा. कागदावर पेन्सिलीचा आवाज होईल, तेवढा चालवून घ्या.